आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने आयन मोजताना: मिलिव्होल्टपासून पीपीएमपर्यंत

मीटरवर ८१.८ दिसतंय. शेवटचा अंक अजून जरा हलतोय: ८१.९, ८१.८, पुन्हा ८१.८. बीकरमध्ये पाण्याचा नमुना आहे, त्यात इलेक्ट्रोड बुडवलेत आणि या पाण्यात फ्लोराइड किती, एवढंच सांगायचंय. समोरच्या कॅलिब्रेशनप्रमाणे उत्तर येतं लिटरमागे १.५२ मिलिग्रॅम. मीटरवर ८२.८ असतं तर उत्तर १.४६ आलं असतं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाणी मर्यादेच्या आत की बाहेर, हे एका मिलिव्होल्टवर ठरलं.

ही पद्धत शिकवताना मी सुरुवात इथूनच करतो. हा इलेक्ट्रोड पीपीएम (पाण्यात हे म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) मोजत नाही, मिलिव्होल्ट मोजतो. एक विद्युतभार असलेल्या आयनासाठी १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात सुमारे ४ टक्क्यांची चूक, आणि कॅल्शियमसारख्या दोन भारांच्या आयनासाठी सुमारे ८ टक्क्यांची. पुढे ढवळणं, थांबणं, टिपणं, तापमान अशा ज्या बारीकसारीक गोष्टी येतील, त्या सगळ्या या एका मिलिव्होल्टसाठी आहेत.

आत काय घडतं

पीएच मीटर वापरला असेल तर आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड तुम्ही आधीच हाताळलाय. काचेचा पीएच इलेक्ट्रोड हा याच घराण्यातला सगळ्यात जुना. पातळ काचेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेची द्रावणं ठेवली की व्होल्टेज निर्माण होतं, हे माक्स क्रेमर यांनी १९०६ मध्ये दाखवलं. बाकीच्या इलेक्ट्रोडमध्ये काचेच्या जागी दुसरा पडदा येतो. फ्लोराइडसाठी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, त्यात किंचित युरोपियम मिसळलेलं असतं. फ्रँट आणि रॉस यांनी तो १९६६ मध्ये पुढे आणला. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइडसाठी चांदीच्या क्षारांची दाबून केलेली टिकली. नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियमसाठी पीव्हीसीचा मऊ पडदा, ज्यात नेमका तोच आयन पकडणारा रेणू मुरवलेला असतो. पोटॅशियमच्या पडद्यातला व्हॅलिनोमायसिन हा रेणू मुळात जिवाणूंनी बनवलेलं प्रतिजैविक. त्याच्या पोकळीत पोटॅशियम अगदी बेताचा बसतो, सोडियम बसत नाही.

पडद्याच्या आतल्या बाजूला संहती ठरलेली असते, बाहेर तुमचा नमुना असतो. दोन्हींतल्या फरकामुळे पडद्यावर व्होल्टेज येतं, आणि ते संहतीच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात बदलतं. २५ अंश सेल्सिअसला, एक भार असलेल्या आयनाची संहती दहापट झाली की व्होल्टेज ५९.१६ मिलिव्होल्टनी बदलतं. दोन भारांसाठी याच्या निम्मं, २९.५८. यालाच उतार म्हणायचं, लॅबमध्ये सगळे स्लोप म्हणतात. नेर्न्स्टच्या समीकरणातलं कामापुरतं एवढंच.

नवा माणूस पहिल्यांदा गोंधळतो तो चिन्हावरून. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे धन आयन वाढले की मिलिव्होल्ट वाढतात. फ्लोराइड, क्लोराइड, नायट्रेट हे ऋण आयन वाढले की मिलिव्होल्ट कमी होतात. फ्लोराइडचं स्टँडर्ड, म्हणजे ठाऊक संहतीचं द्रावण, जास्त संहतीचं घेतलं आणि आकडा खाली आला, तर मशीन बिघडलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इलेक्ट्रोडला दिसते ती आयनाची क्रियाशीलता, संहती नव्हे. द्रावणात आयनांची गर्दी वाढली की प्रत्येक आयन भोवतालच्या विरुद्ध भारांमुळे जखडल्यासारखा होतो आणि इलेक्ट्रोडला कमी जाणवतो. मिठाच्या ०.००१ मोलर द्रावणात आयनांची क्रियाशीलता संहतीच्या सुमारे ९७ टक्के असते, ०.१ मोलरमध्ये ती ७८ टक्क्यांवर येते. दोन भारांच्या आयनांवर तर याहून कितीतरी जास्त परिणाम होतो. यावरचा उपाय साधा आहे: नमुना आणि स्टँडर्ड, दोन्हींत निरुपद्रवी क्षाराचं भरपूर आणि सारखंच द्रावण घालायचं. गर्दी सगळीकडे सारखी झाली की तुलना संहतीची होते. या द्रावणाला आयनिक स्ट्रेंग्थ ॲडजस्टर, लॅबच्या बोलीत आयएसए म्हणतात. कॅल्शियमसाठी पोटॅशियम क्लोराइड, नायट्रेटसाठी अमोनियम सल्फेट, असं आयनागणिक ते बदलतं. फ्लोराइडचं आयएसए म्हणजे टिसॅब, आणि ते आणखीही दोन कामं करतं.

मांडणी

मीटर असा हवा की ०.१ मिलिव्होल्टपर्यंत आकडा दाखवेल. पीएच मीटरला मिलिव्होल्टचा मोड असतो, तो बहुतेक वेळा पुरतो. पीएचच्या मोडमध्ये मात्र मोजू नका. तिथला दुसऱ्या दशांशातला एक अंक म्हणजे जवळपास ०.६ मिलिव्होल्ट.

बीकर सगळे एकाच मापाचे. फ्लोराइडसाठी ते प्लॅस्टिकचेच घ्या, बाटल्याही प्लॅस्टिकच्याच. मॅग्नेटिक स्टरर हवा, पण त्याची मोटर तापते आणि बीकर हळूहळू गरम होतो. स्टरर आणि बीकर यांच्यामध्ये थर्माकोलचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. एक अंशाचा फरक एक भाराच्या आयनाच्या उत्तरात सुमारे २ टक्क्यांची चूक करू शकतो. फ्रिजमधून काढलेला नमुना स्टँडर्डच्या शेजारी तासभर बसू द्या, दोघांचं तापमान एक होऊ द्या. मीटरला ऑटोमॅटिक टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असलं तरी ही सवय सोडू नका. ती सोय फक्त स्लोप सुधारते, रेफरन्स इलेक्ट्रोडमध्ये (ज्याच्या स्थिर व्होल्टेजशी तुलना होते, त्या जोडीच्या इलेक्ट्रोडमध्ये) आणि पडद्यावर तापमानाने जो बदल होतो तो नाही.

फ्लोराइडचं मोजमाप, पहिल्यापासून

आधी टिसॅब. एक लिटरच्या बीकरमध्ये अंदाजे ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात ५७ मिलिलिटर ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ४ ग्रॅम सीडीटीए घाला. बीकर गार पाण्याच्या तसराळ्यात ठेवून, ढवळत ढवळत, ६ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू सोडा, पीएच ५.३ ते ५.५ येईपर्यंत. साधारण १२५ मिलिलिटर लागतं. घाई केलीत तर द्रावण तापतं आणि पीएचचा आकडाही फसवा येतो. गार झाल्यावर एक लिटरपर्यंत पाणी. ॲसिटिक ॲसिडचं काम फ्यूम हूडमध्येच करा.

पीएच ५.३ का? आम्ल जास्त झालं तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडी जमवून हायड्रोफ्लोरिक आम्ल होतो, आणि त्या रूपात इलेक्ट्रोडला तो दिसत नाही. पीएच ५ च्या वर ९८ टक्क्यांहून जास्त फ्लोराइड मोकळा असतो. उलट द्रावण अल्कधर्मी झालं तर हायड्रॉक्साइड आयन, जो आकाराने आणि भाराने फ्लोराइडसारखाच आहे, स्फटिकाला चकवतो. आता सीडीटीए. तुरटीने साफ केलेल्या पाण्यात थोडं ॲल्युमिनियम उरतं आणि ते फ्लोराइडला घट्ट धरून बसतं. सीडीटीए ॲल्युमिनियमला आपल्याकडे ओढतं आणि फ्लोराइड सुटतो. एकाच बाटलीत तीन कामं, म्हणून मला टिसॅब फार आवडतं.

स्टँडर्डसाठी सोडियम फ्लोराइड ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून, ०.२२१० ग्रॅम वजन करा आणि एक लिटर करा. झालं लिटरमागे १०० मिलिग्रॅम फ्लोराइड. यातून १० मिलिलिटर घेऊन १०० केलं की १० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड, त्यातलं १० घेऊन पुन्हा १०० केलं की १ मिलिग्रॅमचं. मूळ द्रावणातून २ मिलिलिटर घेऊन १०० करून २ मिलिग्रॅमचं एक वेगळं ठेवा, ते तपासणीसाठी. सोडियम फ्लोराइड विषारी आहे, पिपेट तोंडाने ओढायचा नाही आणि हे द्रावण तीव्र आम्लात ओतायचं नाही.

आता मोजायला बसा. प्रत्येक बीकरमध्ये २५ मिलिलिटर द्रावण आणि २५ मिलिलिटर टिसॅब. नमुना असो वा स्टँडर्ड, प्रमाण तेच. दोघेही सारखेच पातळ झाल्यामुळे नंतर दुपटीचा हिशेब करावा लागत नाही, स्टँडर्डवर लिहिलेला मूळ आकडाच वापरायचा.

सुरुवात १ मिलिग्रॅमच्या स्टँडर्डपासून, मग १०. कमीकडून जास्तीकडे जायचं, कारण इलेक्ट्रोडला चिकटलेला थेंब पातळ द्रावणात जास्त घोळ घालतो. इलेक्ट्रोड किंचित तिरका बुडवा, साधारण २० अंश. सरळ बुडवला की सपाट पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा नाचायला लागतो. आकडा विनाकारण उड्या मारत असेल तर मी पहिल्यांदा बीकर वर उचलून खालून बघतो. दहातल्या सात वेळा बुडबुडाच असतो.

ढवळण्याचा वेग मध्यम आणि सगळ्यांसाठी एकच. भोवरा पडेल इतका नको. मग थांबा. मिनिटाला ०.२ मिलिव्होल्टपेक्षा कमी हालचाल झाली की आकडा लिहा. १० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डला मिनिटभरही पुरतं, पण संहती १ मिलिग्रॅमच्या बरीच खाली गेली की पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. इथे धीर सुटला की उत्तर चुकतं. दोन बीकरांच्या मधे इलेक्ट्रोड धुवा आणि टिश्यूने टिपा. पुसू नका, घासू नका.

माझ्या वहीतला एक दिवस: १ मिलिग्रॅमला ९२.४, १० मिलिग्रॅमला ३४.२. फरक ५८.२, म्हणजे हा इलेक्ट्रोडचा स्लोप. फ्लोराइडसाठी ५४ ते ६० मधला स्लोप चालतो. नमुन्याला ८१.८ मिळाले. ९२.४ मधून ८१.८ वजा केले, १०.६ उरले, त्यांना ५८.२ ने भागलं, ०.१८२ आलं. १० चा ०.१८२ वा घात म्हणजे १.५२. मीटर हाच हिशेब आतल्या आत करून थेट उत्तर देतो, पण पहिले काही दिवस कागदावर करा. मीटरने चुकीचं स्टँडर्ड पकडलं असेल तर ते कागदावरच कळतं.

मग २ मिलिग्रॅमचं ते वेगळं स्टँडर्ड मोजा. ७४.९ च्या आसपास आलं पाहिजे. मिलिव्होल्टभर इकडेतिकडे असेल तर पुढे जा, नाहीतर पुन्हा कॅलिब्रेशन. दर आठ-दहा नमुन्यांनंतर हीच तपासणी. आणि नमुना दोन स्टँडर्डच्या मधे बसला पाहिजे. मर्यादेजवळचा निकाल द्यायचा असेल तर एकाच बीकरवर विसंबू नका, तीन वेगळे बीकर भरा.

कमी संहतीचा एक सापळा इथेच सांगतो. फ्लोराइड अगदी कमी असला की मिलिव्होल्ट आणि लॉग यांची रेघ सरळ राहत नाही, वाकते आणि शेवटी आडवी होते. त्या भागात दोन स्टँडर्डवर काम भागत नाही, जवळजवळची चार-पाच लागतात. आणि शून्य मिलिग्रॅमचं स्टँडर्ड करून कॅलिब्रेशनमध्ये घालू नका. शून्याचा लॉग नसतो. नुसत्या पाण्यात इलेक्ट्रोड बराच वेळ भरकटत राहतो.

रेफरन्स इलेक्ट्रोडकडे बघा

सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे असतं, पण निम्म्या तक्रारी रेफरन्स इलेक्ट्रोडच्या निघतात. एकदा पोटॅशियम मोजताना माझे आकडे बीकर ठेवल्या ठेवल्या चढत होते. नमुना तोच, तापमान तेच, आणि दर मिनिटाला पोटॅशियम वाढतंय. दोन तास मी पडद्याला, मग स्टँडर्डला, मग पाण्याला दोष दिला. शेवटी रेफरन्सच्या भरण्याच्या द्रावणाची बाटली हातात घेतली तर लेबलवर पोटॅशियम क्लोराइड. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून थोडं द्रावण बाहेर झिरपत राहणं गरजेचंच असतं, त्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही. म्हणजे मी पोटॅशियम मोजत होतो आणि स्वतःच ते नमुन्यात टाकत होतो.

त्यामुळे ज्या आयनाचं मोजमाप करायचं, तो आयन बाहेरच्या भरण्यात नको. डबल जंक्शनचा रेफरन्स घ्या. त्याच्या आतल्या कप्प्यात नेहमीचं द्रावण राहतं, बाहेरच्या कप्प्यात आपल्याला हवं ते भरता येतं. पोटॅशियमसाठी सोडियम क्लोराइड किंवा लिथियम ॲसिटेट, क्लोराइडसाठी पोटॅशियम नायट्रेट, नायट्रेटसाठी अमोनियम सल्फेट. मोजताना भरण्याचं बूच उघडं ठेवा आणि आतल्या द्रावणाची पातळी नमुन्याच्या पातळीहून वर ठेवा. नाहीतर झिरपणं उलट्या दिशेने होतं, आणि नमुना आत शिरतो.

लुडबुड करणारे आयन

सिलेक्टिव्ह म्हणजे निवडक, एकनिष्ठ नव्हे. प्रत्येक पडदा थोडाफार दुसऱ्या आयनांनाही दाद देतो, आणि किती ते निवड गुणांकावरून कळतं. इलेक्ट्रोडसोबतच्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो, आणि वाचलाच पाहिजे असा तो एकच तक्ता. समजा नायट्रेटच्या इलेक्ट्रोडचा क्लोराइडसाठीचा गुणांक ०.००५ आहे. ऐकायला नगण्य. नमुन्यात नायट्रेट ०.२ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे १२.४ मिलिग्रॅम, आणि क्लोराइड १० मिलिमोलर, म्हणजे सुमारे ३५५ मिलिग्रॅम आहे. तर क्लोराइड १० गुणिले ०.००५, म्हणजे ०.०५ मिलिमोलर नायट्रेटचं सोंग घेतो. उत्तर २५ टक्के जास्त. खाऱ्या पाण्यातलं नायट्रेट या इलेक्ट्रोडने मोजताना चांदीचं सल्फेट घालून क्लोराइडचा साका पाडतात, तो यासाठीच.

पोटॅशियमच्या पडद्याला अमोनियम फसवतो. सोडियमच्या काचेला हायड्रोजन आयन फसवतो, म्हणून तिथे नमुना मुद्दाम अल्कधर्मी करतात. क्लोराइडच्या टिकलीला सल्फाइड किंवा आयोडाइड लागलं तर पृष्ठभागच बदलून जातो, मग बारीक पॉलिशिंग स्ट्रिपने तो वरचा थर घासून काढावा लागतो.

नायट्रेटच्या निकालात आणखी एक घोळ नेहमी होतो, आणि त्यात इलेक्ट्रोडचा काही दोष नसतो. काही स्टँडर्डवर नायट्रेट लिहिलेलं असतं, काहींवर नायट्रेट-नायट्रोजन. १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन म्हणजे ४४.३ मिलिग्रॅम नायट्रेट. लेबल नीट वाचा.

नमुना गुंतागुंतीचा असेल तेव्हा

मातीचा अर्क, सांडपाणी, फळांचा रस यांत काय काय आहे हे माहीत नसतं, आणि तसं स्टँडर्ड बनवता येत नाही. तिथे स्टँडर्ड ॲडिशन करा: नमुन्यातच स्टँडर्डचा छोटा, मोजलेला घोट टाकून मिलिव्होल्ट किती हलले ते पाहायचं. १०० मिलिलिटर द्रावणात १०० मिलिग्रॅमचं १ मिलिलिटर स्टँडर्ड घातलं, आणि ५८ च्या स्लोपवर आकडा १७.२ मिलिव्होल्टनी बदलला. १७.२ भागिले ५८ म्हणजे ०.२९७, त्याचा अँटिलॉग १.९८. संहती १.९८ पट झाली. टाकलेल्या स्टँडर्डने ०.९९ मिलिग्रॅमची भर पडली आणि मूळ द्रावण पातळ होऊन ०.९९ पट झालं. तेव्हा मूळ संहती म्हणजे ०.९९ भागिले (१.९८ वजा ०.९९), जवळजवळ १ मिलिग्रॅम. आकडा १० ते ३० मिलिव्होल्ट हलेल एवढं स्टँडर्ड टाका. त्याहून कमी हलला तर ती मिलिव्होल्टभराची चूक इथे फारच महागात पडते. स्लोप मात्र त्याच दिवशी काढलेला हवा, कालचा नको.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. कॅल्शियम प्रथिनांना किंवा सायट्रेटला बांधलेलं असेल तर इलेक्ट्रोडला फक्त मोकळं कॅल्शियम दिसतं. एकूण कॅल्शियम हवं असेल तर दुसरी पद्धत धरा. रक्तात मात्र मोकळं कॅल्शियमच हवं असतं, म्हणून तिथे हाच इलेक्ट्रोड कामाचा.

बिघाड आणि साठवण

स्लोप कमी येतोय? आधी स्टँडर्ड नवं करा, मग पडदा साफ करा, त्यानंतरच इलेक्ट्रोडवर संशय घ्या. फ्लोराइडचा स्फटिक मंदावला तर फ्लोराइडची साधी टूथपेस्ट मऊ ब्रशवर घेऊन हलक्या हाताने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हसू येतं, पण हा जुना आणि चालणारा उपाय आहे. पीव्हीसीचा पडदा मात्र कधीही घासू नका, आणि अल्कोहोल, ॲसिटोन त्याच्या जवळही नको. त्याचा स्लोप गेला तर पडदा बसवलेली टोपीच बदलायची.

आकडा एकाच दिशेने सरकत राहिला तर तापमान आणि रेफरन्सचं जंक्शन बघा. हात जवळ नेला की आकडा हलत असेल तर केबल किंवा जोड सैल आहे.

पीव्हीसीचा इलेक्ट्रोड वापरण्याआधी त्याच आयनाच्या ०.०१ मोलर द्रावणात तास-दोन तास भिजवा. दोन कामांच्या मधे पातळ स्टँडर्डमध्ये ठेवा. आठवडाभर लागणार नसेल तर धुऊन, टिपून, झाकण लावून कोरडा ठेवा. फ्लोराइडचा स्फटिकही लांब मुदतीसाठी कोरडाच. पीएचची काच उलट, ती ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ओलीच हवी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कुठलाच इलेक्ट्रोड रात्रभर सोडू नका.

वहीत रोज तीन गोष्टी लिहा: तारीख, स्लोप आणि १ मिलिग्रॅमच्या स्टँडर्डचे मिलिव्होल्ट. माझ्या एका पोटॅशियमच्या टोपीचा स्लोप तीन महिन्यांत ५७.६ वरून ५५.१, मग ५३.४ असा घसरलेला वहीत दिसत होता. नवी टोपी मी त्याच आठवड्यात मागवून ठेवली, आणि जुनीने ५० च्या खाली जायला आणखी बारा दिवस घेतले.